हरळीला पाणी

बायकोने पुण्याला जाताना एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. त्यात गॅस, दूध आणि माझ्या गोळ्या यांना मिळून दोन ओळी होत्या, उरलेलं पान लॉनविषयी होतं. पाणी पहाटेच घालायचं, दुपारी अजिबात नाही. उन्हाळ्यात खत टाकायचं नाही. शेवटची ओळ लाल पेनने होती: डोकं चालवू नका.

सोलापुरात लॉन लावायचं म्हणजेच धाडस. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि मे महिन्यात वाळलेला टॉवेल आणायला अंगणात जायचं तरी माणूस डोक्यावर रुमाल टाकतो. पण तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या या बाईने स्वतःचं घर झाल्यावर एकच गोष्ट मागितली होती, घरापुढे दहा बाय पंधराचा हिरवा तुकडा. आता तर तिला निमित्तही मिळालं होतं. आमची नात, लेकीची मुलगी, नुकती धरून धरून उभी राहू लागली होती. पाळणाघर सुटीत बंद म्हणून बायको तिला सांभाळायला निघाली होती आणि महिन्याने तिला घेऊन परतणार होती.

"ती पहिलं पाऊल आपल्या लॉनवर टाकेल. अनवाणी," बायको म्हणाली. "तेवढं जिवंत ठेवा."

मी आठ दिवस कागदाप्रमाणे वागलो. नवव्या दिवशी डोकं चालवलं.

कडेचं गवत जरा पिवळं दिसत होतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. जन्म नोकरीत गेला असला तरी पीक पिवळं पडलं की युरिया टाकायचा, एवढी शेती माझ्यात शिल्लक आहे. मी ओंजळी भरभरून टाकला. दोन दिवसांत पिवळ्याचं तांबूस झालं. मग मी ठरवलं की हा उन्हाचा दोष, गवताला गारवा पाहिजे. सोलापुरी घरात दुसरं काही नसलं तरी चादरी असतातच. लग्नात आलेल्या, निवृत्तीला मिळालेल्या, कुणाला तरी द्यायला म्हणून राखून ठेवलेल्या. मी आठ चादरी बादलीत बुडवल्या आणि भर दुपारी लॉनवर अंथरल्या.

शेजारच्या मावशींनी कंपाउंडवरून पाहिलं. "एवढे पाहुणे आले होते काय?"

"नाही, लॉनला जरा गार वाटावं म्हणून," मी म्हणालो.

संध्याकाळी चादरी उचलल्या तर इडलीपात्र उघडल्यासारखी वाफ आली. गवत शिजलं होतं. पुढच्या तीन दिवसांत सगळा तुकडा चहापत्तीच्या रंगाचा झाला.

बायको रोज व्हिडिओ कॉलवर आधी माझी आणि मग लॉनची तब्येत विचारायची. मी गच्चीवर सावलीसाठी बांधतात ती हिरवी जाळी आणली, लॉनवर पसरली आणि दारात उभं राहून लांबून दाखवली.

"छान आहे हो. पण एक पातं हलत नाही. वारा नाही का तिकडे?"

"सोलापूर आहे," मी म्हणालो.

संसारात मी तिच्याशी थोडंफार खोटं बोललो असेन, पण इतकं हिरवं खोटं कधी बोललो नव्हतो. फोन ठेवल्यावर मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

ती परतायला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा सांगोल्याकडच्या गावाहून माझे वडील, आबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि काळा चष्मा लावून ते घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही. हे सांगणं आबांसाठी शिक्षाच होती, कारण त्यांचा जन्म वाकण्यात गेला. त्यांच्या रानात हरळीची काडी सापडत नाही, ही त्यांची गावातली ख्याती. हरळी म्हणजे जमिनीखालून पसरत जाऊन पिकाचा गळा धरणारं गवत. ऐन उन्हाळ्यात सगळे सावलीला बसलेले असताना आबा कुदळीने ती खणत, आणि मी मागून तिच्या मुळांच्या पांढऱ्या काशा वेचून बांधावर उन्हात टाकत असे. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यातच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी काठीने जाळी बाजूला सारली. "हे काय?"

"लॉन. बर्म्युडा म्हणतात. युरिया टाकला, वर आठ ओल्या चादरी अंथरल्या, जळालं."

त्यांनी मला एक काडी उपटायला लावली, चष्म्याजवळ नेली, तिची पेरं बोटांनी चाचपली.

"लेका, ही हरळी हाय."

नर्सरीवाल्याने सांगितलेल्या इंग्रजी नावापुढे मी मान तुकवली होती. ज्या गवताने माझं बालपण खाल्लं, ते मला माझ्याच दारात ओळखता आलं नव्हतं.

"इकत आणली?"

"व्हय."

आबा पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला त्यांच्या टाक्याची काळजी वाटू लागली.

"हसू नका, आबा. ती मेली. आता सुनेला काय सांगू?"

"मेली? पन्नास वर्सं म्या मारतुय हिला. खणली, वाळवली, जाळली. न्हाय मेली. अन् तू आठ चादरीत मारतुस व्हय?"

त्यांनी काठीने खूण केली तिथे मी खणलं. वीतभर खाली काशा पांढऱ्याशुभ्र होत्या. नळाच्या दिवशी आबांनी युरिया धुवून निघेपर्यंत पाणी सोडायला लावलं आणि पुन्हा हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्यानंतर रोज पहाटे ते आंघोळीचं साठवलेलं पाणी तांब्या-तांब्याने उभ्यानेच शिंपडायचे आणि पुटपुटायचे, "पी बये, पी. माझं रान खाल्लंस, आता हितं पी." दहाव्या दिवशी कोंब दिसले.

रिक्षातून उतरल्या उतरल्या बायकोने लॉन पाहिलं. तांबूस जमिनीवर हिरवी टोकं होती. मग तिची नजर जिन्याखालच्या जाळीवर गेली.

"ही कसली?"

मी सगळं सांगितलं, चादरींसकट. तिने नातीचे बूट काढले आणि तिला गवतावर उभं केलं.

नात दीड पाऊल चालली, धप्पकन बसली आणि समोरचा कोंब दोन्ही मुठींनी ओढू लागली.

"नको गं बाळा!" बायको ओरडली.

"ओढू दे," आबा खुशीत म्हणाले. "आपल्याच घरातली हाय."

पांढऱ्या काशीसकट कोंब निघाला. नातीने तो पणजोबांपुढे धरला. आबांनी तो घेतला. त्यांचा हात सवयीने कंपाउंडकडे, उन्हाकडे उचलला गेला आणि तसाच थांबला.

"आबा, वाकू नका!" बायको म्हणेपर्यंत ते वाकले होते. त्यांनी बोटाने माती उकरली, कोंब परत लावला आणि अंगठ्याने घट्ट दाबला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि काळ्या चष्म्यातून आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"गावात कुणाला सांगायचं न्हाय," ते म्हणाले.