तेराव्याचा पाट

वडील गेले तेव्हा पनवेलच्या घरी त्यांनी करायला घेतलेला पाट अर्धाच रंधून झाला होता. तेराव्याला त्यांच्या नावाने जेवणारा ब्राह्मण त्याच पाटावर बसावा, असा आत्याचा हट्ट होता. मी फक्त पुस्तकं वाचणारा. रंधा लाकडात रुतायचा आणि मी पुढे झेपावायचो.

"हातांनी काय ढकलतोस? कमरेतून जा," आत्या म्हणाली. तिने वडिलांच्या पंच्याने माझी कोपरं बरगड्यांशी बांधली आणि रंध्याशिवायच पुढे-मागे झुलायला लावलं.

तेवढ्यात विचुंब्याहून वडिलांचे एक मित्र समाचाराला आले. मुंडण केलेला, बांधलेला मी अंगणात झुलत होतो.

"पोराच्या डोक्यावर परिणाम झाला काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो. मागचा पाय रेटत नाही तो," आत्या म्हणाली.

"मंग गुडघा वाकव ना रं!" म्हणत ते शेजारी उभे राहून झुलू लागले.

पाट वेळेत झाला. पण टोकाशी मी रंध्यावर ओणवा व्हायचो, त्यामुळे पुढची बाजू उतरती झाली. तेराव्याला ब्राह्मण घासागणिक पानाकडे घसरत होते.

आत्याने डोळ्यांना पदर लावला. "दादा असाच पानावर वाकून जेवायचा," ती म्हणाली आणि त्यांना आणखी भात वाढला.