सूचनाबाई आणि नदीकाठचं शेवटचं घर

सूचनाबाईंचं खरं नाव काय, ते आता त्यांच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नाही, असं लोक थट्टेने म्हणतात. शहरात कुठेही जा, बाईंचा आवाज आधीच तिथे पोचलेला असतो. लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणतात त्या ह्याच. बँकेत फोन लावला की वीस मिनिटं "कृपया थांबा" म्हणून आपला जीव खातात त्याही ह्याच. इतकंच काय, भंगारवाल्याच्या टेम्पोवर "जुने पंखे, फुटक्या बादल्या, मोडक्या सायकली" हे जे गल्लोगल्ली वाजतं, तेसुद्धा बाईंनीच म्हटलेलं आहे. तेवढं मात्र फुकट, कारण भंगारवाल्याने एकदा त्यांच्या दुर्बिणीसाठी कुठूनसा लोखंडी स्टँड पैदा करून दिला होता.

दुर्बिणीचं सांगायला हवंच. बाईंना दोन वेडं. एक आकाशाचं आणि दुसरं पूल, क्रेन, धरणं असल्या अवाढव्य कामांचं. गच्चीवर दुर्बीण लावायची, शनीची कडी मोबाइलमध्ये पकडायची, नाहीतर पुलावरच्या सांध्यात फट का ठेवतात ते पट्टी आणि मेणबत्ती घेऊन दाखवायचं, आणि त्याचे व्हिडिओ करून टाकायचे. बघणारे मोजून चारशे, त्यातले निम्मे नातेवाईक. पण हौसेला मोल नसतं. गंमत अशी की व्हिडिओत बाईंचा आवाज ओळखूच यायचा नाही. कामाच्या वेळचा तो भारदस्त, एकेक शब्द नीट ठेवणारा सूर तिथे गायब; भरभर, धाप लागल्यासारखं, मध्येच हसत, "थांबा थांबा, दिसला का गुरू? हलवला मी, सॉरी!" असं सगळं. चष्म्याचं दुकान चालवणारे त्यांचे यजमान म्हणायचे, "अगं, लोक तुला बँकेत देवीसारखं ऐकतात आणि इथे तू बस चुकलेल्या बाईसारखी बोलतेस."

"बँकेतली मी नोकरीवर असते, इथे घरी असते," बाई म्हणायच्या. विषय संपला.

तर त्यांच्या सगळ्या कामांत एक काम वेगळं होतं. शहराच्या वर नदीवर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडायची वेळ आली, तर नदीकाठच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून लोकांना सावध करायचं, त्यासाठी धरणाच्या कार्यालयाला आवाज हवा होता. बाईंनी ते काम मागून घेतलं, अगदी साहेबांच्या मागे लागून. कारण नदीकाठच्या उतारावरच्या सगळ्यात शेवटच्या घरात त्यांची आई राहते. एकटी. वय अठ्ठ्याहत्तर, कान अर्धे, हट्ट मात्र पूर्ण. "माझ्याकडे राहायला ये" म्हणून बाई दहा वर्षं कानीकपाळी ओरडल्या, म्हातारी ढिम्म हलली नाही. वर ऐकवायची, "नदी माझ्या ओळखीची आहे." कुणाचं म्हणून ऐकायची नाही, शेजाऱ्याचं नाही, डॉक्टरचं नाही, जावयाचं तर मुळीच नाही. लेकीचं तेवढं ऐकायची, तेही दहातलं एक. शेवटी बाईंनी तिच्याकडून वचन घेतलं. "खांबावरून माझा आवाज आला की चपला घालायच्या आणि टेकडीवरच्या शाळेत जायचं. विचार करायचा नाही."

"तुझा आवाज आला तर उठेन," आई म्हणाली. त्या दिवसापासून बाईंना जरा निवांत झोप लागायला लागली.

चार वर्षं कर्णे गप्प होते. यंदा धरण काठोकाठ भरलं, जो तो त्याच्याबद्दल बोलायला लागला, आणि बाईंना वाटलं, लोकांना समजावून सांगू या. रविवारी सकाळी न्हाणीघरात पुठ्ठ्याचा दरवाजा, प्लॅस्टिकचा टब आणि सायकलचा पंप घेऊन त्यांनी व्हिडिओ केला. दरवाजा कसा उचलतात, किती पाणी सुटतं, ते उतारावरच्या शेवटच्या घरापर्यंत किती वेळात पोचतं. बावीस मिनिटं! हा आकडा त्यांनी दोनदा सांगितला. मग सूचना तीनदा का देतात आणि मध्ये चार सेकंद का थांबतात तेही सांगितलं: एका खांबाचा आवाज दुसऱ्यात मिसळून काला होऊ नये म्हणून. आणि मग म्हणाल्या, "आता मी नक्कल करून दाखवते हं."

इथे घात झाला. दुसरं कुणी असतं तर हसत हसत, अर्धवट म्हटलं असतं. पण पंचवीस वर्षं माइकसमोर काढलेल्या बाईला सूचना अर्धवट म्हणताच येत नाही. ओठ उघडले आणि पाठ आपोआप ताठ झाली. "सावधान. धरणाचे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठ ताबडतोब सोडा." चार सेकंद शांतता. पुन्हा. पुन्हा शांतता. पुन्हा. शब्दन् शब्द नोकरीवरचा! संपल्यावर त्या "जमलं की नाही?" म्हणून खिदळल्यासुद्धा.

बुधवारी सकाळी अकराला बाई स्टुडिओत होत्या. भिंतींना गाद्या ठोकलेली ती एवढीशी खोली, आत बाहेरचा चकार शब्द येत नाही. फोन बाहेर टेबलावर ठेवायचा हा त्यांचा नियम. एका वॉशिंग मशीनचं काम चाललं होतं. "कपडे धुऊन झाले आहेत," हे वाक्य कंपनीला आनंदी हवं होतं, पण जास्त आनंदी नको होतं. त्यात पाऊण तास गेला.

बाहेर येऊन बघतात तर फोनवर एकसष्ट कॉल. खिडकीतून रस्ता दिसला आणि त्या जागच्या जागी खिळल्या. अख्खा रस्ता टेकडीकडे चाललेला! कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर पोर, एकाच्या हातात नुसती इस्त्री. दुकानांची शटर्स खाली येतायत. बाई जिना उतरून धावत खाली आल्या आणि इस्त्रीवाल्या माणसाला त्यांनी अडवलं.

"अहो, झालंय काय?"

"धरण सोडलंय! कुठल्या जगात आहात बाई?" त्याने मोबाइल त्यांच्या कानाला लावला. "सावधान. धरणाचे दरवाजे उघडले आहेत."

बाईंचे डोळे पांढरे झाले. स्वतःचाच आवाज. न्हाणीघरातला. त्याच्या मागे ऐकू येणारं टबातलं थेंब थेंब पाणीसुद्धा त्यांनी ओळखलं.

नंतर कळलं ते असं. बाईंच्या धाकट्या दिराला वहिनींचा भारी अभिमान. त्याने व्हिडिओतला तेवढाच तुकडा कापला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, "ऐका आमच्या वहिनींचा आवाज!" तिथून तो तुकडा मावसभावाकडे, तिथून जिमच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्या उडीत वरचं कौतुक गळून पडलं, खाली उरला नुसता धोका. वर आणखी कडी केली ती भंगारवाल्याने. भला माणूस. त्याने विचार केला, खांबावरचे कर्णे बिघडले असतील, बिचाऱ्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार? मोबाइल धरला माइकला आणि टेम्पो घातला उतारावरच्या गल्लीत. आधी "फुटक्या बादल्या, मोडक्या सायकली," आणि लगेच त्याच आवाजात "नदीकाठ ताबडतोब सोडा!" लोकांनी पटापट घरं सोडली.

"खोटं आहे!" बाई रस्त्याच्या मधोमध ओरडायला लागल्या. "अहो, थांबा! ती मीच आहे! गंमत होती ती!"

कोण ऐकतो! एक बाई तर चिडून म्हणाली, "शुद्धीवर आहात का? लोकांच्या जिवावर बेतलंय आणि गंमत म्हणे." बाईंच्या त्या घरच्या, धापा टाकणाऱ्या आवाजावर कुत्रं विश्वास ठेवेना. मग त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. त्या एका दुकानाच्या पायरीवर चढल्या, पाठ ताठ केली, आणि म्हणाल्या, "सूचना. धरणाचे दरवाजे बंद आहेत. कोणताही धोका नाही. कृपया घरी परत जा." चार सेकंद थांबल्या. पुन्हा म्हणाल्या.

रस्ता जागच्या जागी थांबला. इस्त्रीवाला आ वासून बघत राहिला. ज्या बाईने आत्ता त्यांना झापलं होतं तिने डोळे विस्फारले आणि म्हणाली, "अगो बाई! ही तर लिफ्टमधली!"

पण बाईंना तिथे थांबायला सवड नव्हती. त्यांनी आईला फोन लावला, तो तिने उचलला नाही. म्हणजे वचन पाळून निघाली असणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांची गुडघेदुखी, ती टेकडी, ती रेटारेटी! कुठे पडली असेल, कुणी ढकललं असेल, आणि सगळं आपल्या एका नकलेमुळे! बाई आधी शाळेच्या पटांगणात गेल्या. दोन फेऱ्या मारल्या, माणूस न् माणूस पाहिला. आई नव्हती. उतारावरच्या शेजारणी सगळ्या होत्या. "आम्ही हाका मारल्या, पण तुमची आई काही बाहेर आली नाही," एक जण म्हणाली. बाई उतारावरून अक्षरशः पळत सुटल्या.

शेवटच्या घराचं दार उघडं होतं. समोरच खुर्चीत आई बसलेली. अंगावर बाहेर जायची साडी, पायात चपला, मांडीवर औषधांची पिशवी, गुडघ्यावर छत्री. केसांवरून कंगवासुद्धा फिरवलेला.

"आलीस?" आई म्हणाली. "किती गं उशीर!"

"आई! तू... तू निघाली का नाहीस? ऐकू नाही आलं?"

"न यायला काय झालं? टेम्पोवाला सव्वाअकरालाच दोनदा ओरडत गेला. तुझाच आवाज. म्हटलं, एवढी घसा फोडून सांगतेय, म्हणजे घ्यायला येईलच. तू येशील आणि मी घरात नसेन तर घाबरशील. म्हणून बसून राहिले."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. टेम्पो जाऊन पन्नास मिनिटं झाली होती. पन्नास! पाणी तर बावीस मिनिटांतच आलं असतं! त्या मटकन खाली बसल्या. आईला वाटलं, धावल्यामुळे पोरगी दमली, म्हणून ती पाणी आणायला उठली. बाईंनी आईच्या साडीचं टोक तेवढं मुठीत धरून ठेवलं.

चार दिवसांनी धरणाच्या साहेबांनी बोलावणं धाडलं. चांगलीच हजेरी घेतली, आणि घ्यायलाच हवी होती. तीन जणांचे पाय मुरगळले होते, एका गर्भार बाईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ती सुखरूप आहे एवढंच नशीब. बाईंनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग साहेब म्हणाले, "तुमचा आवाज आम्ही काढतोय. आता तो वाजला तर अर्धे लोक म्हणतील, पुन्हा न्हाणीघरातून बोलतायत."

तोवर गप्प असलेल्या बाई तिथे मात्र हमसाहमशी रडल्या. "साहेब, मला काय हवी ती शिक्षा करा. एवढं करू नका. माझी आई दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही हो! परक्या आवाजाला ती जागची हलायची नाही."

"तुमच्या आवाजाला हलली होती का?" साहेबांनी विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनी आपलं सहज विचारलं. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्या उठल्या.

नवा आवाज कार्यालयातल्याच टेलिफोनवरच्या बाईचा घेतला. किनरा, जरा नाकात. सूचनाबाईंनी मनावर दगड ठेवून तिला दोन दिवस शिकवलं. कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा. घरी मात्र त्यांना घास गोड लागेना. यजमान समजूत घालून थकले. आईला परोपरीने सांगून झालं, "आता दुसरी बाई बोलेल, तरी निघायचं, ऐकतेस ना?" आई आपली "बघू" म्हणून लसूण सोलत राहिली. ते "बघू" बाईंना दिवसरात्र टोचत होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला रंगीत तालीम ठरली. आधी गावभर कळवलं होतं, पण आईला मुद्दाम कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनीच तसं सांगून ठेवलं होतं; त्यांना खरं काय ते बघायचं होतं. त्या टेकडीवरच्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या, हातात घड्याळ, बाजूला यजमान. भोंगा वाजला. खालून तो किनरा आवाज आला, चार सेकंद थांबला, पुन्हा आला. पाच मिनिटं गेली. आठ गेली. उतारावरचे लोक येऊ लागले.

अकराव्या मिनिटाला वळणावर छत्री दिसली. मागून म्हातारी! चपला घातलेली, पिशवी काखोटीला मारलेली, गुडघ्याला शिव्या देत, पण थांबत मात्र नव्हती. बाईंचा डोळ्यांवर विश्वास बसेना. यजमान "अगं, आई!" असं ओरडले तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

आई फाटकाशी पोचली, दम खाल्ला, आणि लेकीला तिथे बघून उलट तीच दचकली. "तू इथे कशाला उभी?"

"आई, तू आलीस? त्या... त्या परक्या बाईच्या आवाजावर?"

"मग काय करू? तुझा आवाज होता तेव्हा बसले होते की, तू येणारच म्हणून," आई कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "ही बया कोण कुठली, ती का मला घ्यायला येणार होती?"