जातो म्हणा

अक्का रुग्णाला घाई करू देत नसत; स्वतः मात्र दवाखानाभर पळत असत. येलहंक्यात त्या फिजिओथेरपी करायच्या. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरली ते त्यांनाही कळत नसे.

मी पुण्याहून इथे नोकरीला आलेलो. रविवारी बॅडमिंटन खेळल्याशिवाय मला घास उतरत नसे. मणक्यातली गादी फुगली, नस दाबली गेली आणि डाव्या पायात टाचेपर्यंत कळ जाऊ लागली. पुन्हा खेळता येईल का, एवढाच प्रश्न मला छळत होता. पहिल्याच दिवशी मी उठायची धडपड केली तशा अक्का ओरडल्या, "निधान, निधान!"

मी वैतागून म्हटलं, "निदान झालंय हो, आता उपचार करा."

त्या खो खो हसल्या. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. "हेच औषध," म्हणाल्या, "स्वल्प कडू आहे."

रोज मी विचारायचो, "कधी खेळू?" आणि रोज उत्तर यायचं, "आधी बुटाची नाडी तर बांधा." माझी नाडी त्यांनी कधी बांधून दिली नाही. बाहेर माणसं खोळंबलेली असत, तरी माझं होईपर्यंत त्या शांत उभ्या राहत. मला भयंकर राग यायचा. एकदा तो बाहेर पडलाच. तेव्हा त्या स्वतःबद्दल पहिल्यांदा बोलल्या. "मी कबड्डी खेळायची. पाठ दुखत होती, तरी इंजेक्शन घेऊन फायनलला उतरले. जिंकलो पण. नंतर खेळलेच नाही बघा."

त्यानंतर मी 'कधी' विचारलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी एक पूर्ण गेम खेळलो. सपाटून हरलो आणि कोर्टवरच रडलो. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. निघताना सवयीनं म्हटलं, "येतो, अक्का."

त्यांचा चेहरा उतरला. "इथून निघताना येतो नाही म्हणायचं. जातो म्हणा."

आमच्या घरी हा शब्द उच्चारला तर आई अजून तोंडावर हात ठेवते. जीभ वळेना. अक्का दार धरून उभ्याच.

"जातो."

"सरी, ठीक आहे," म्हणाल्या आणि आत वळल्या.

मी पुन्हा गेलो नाही. बऱ्या झालेल्या माणसाला जायला कारणही नसतं. परवा त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. अक्का गेल्या होत्या. मी खांदा दिला. पाठीनं जराही कुरकुर केली नाही, आणि मला रडू आवरेना.

स्मशानातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. मी म्हटलं.