फादरांचा मफलर

आमच्या फादरांना दिलेली वस्तू त्यांच्याकडे पुन्हा दिसली, असं कधी झालं नाही. दिवाळीत मी त्यांना चिवड्याचा डबा नेऊन द्यावा आणि संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरनं तोच माझ्यापुढे धरावा, "घ्या ना, फार छान आहे."

नवऱ्याच्या, निखिलच्या, नोकरीमुळे आम्ही जर्मनीतल्या इंगोलश्टाटजवळच्या या खेड्यात आलो. पहिल्याच हिवाळ्यात मी बसस्टॉपवर कुडकुडत उभी होते. ओळख ना पाळख, फादरांनी गळ्यातला निळा मफलर काढून माझ्या गळ्यात गुंडाळला. "आल्झो, चला, आता ठीक," म्हणाले आणि चालू लागले. परक्या मुलखात भेटलेलं हे पहिलं आपलं माणूस. ते फक्त माझंच असावं, असं मला वाटायला लागलं.

पण फादर सगळ्या गावाचे. सीरियाहून आलेल्या कुटुंबाला घर मिळेना, तेव्हा आपल्या खोल्या त्यांना देऊन स्वतः चर्चच्या ऑफिसातल्या सोफ्यावर झोपायचे. मी त्यांना आईनं शिवलेली गोधडी दिली. "ही तुम्हीच वापरायची," असं बजावलंही. पंधरा दिवसांत ती त्या कुटुंबातल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर. माझा नुसता जळफळाट झाला.

"अगं, दिलीस ना? मग त्यांची झाली," निखिल म्हणाला. मी फादरांनाच जाब विचारला.

"मी बसस्टॉप आहे," ते म्हणाले. "वस्तू येतात, जरा थांबतात, पुढे जातात."

"आणि माणसं?"



चर्चमध्ये फुलं मांडणाऱ्या फ्राऊ हूबर माझ्याशी कधी धड बोलत नसत. मी परकी म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. फादर निवृत्त होऊन म्युनिकला निघाले, त्या निरोपाच्या दिवशी त्या नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी माझ्या मफलरला हात लावला.

"हा मी विणला होता. त्यांच्यासाठी. एकच दिवस घातला त्यांनी."

मी तो काढायला लागले, तर त्यांनीच गाठ पुन्हा घट्ट केली. "राहू दे. तू काय दिलं होतंस?"

मी पुढच्या बाकाकडे बोट दाखवलं. ते बाळ, आता चांगलं मोठं झालेलं, गोधडी कवटाळून बसलं होतं. फ्राऊ हूबर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

बाहेर पाऊस लागला होता. गावानं वर्गणी काढून फादरांना लाकडी मुठीची सुरेख छत्री दिली होती. बसस्टॉपवर एक अनोळखी मुलगी भिजत उभी होती. फादरांनी छत्री तिच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

"बघितलंस?" फ्राऊ हूबर म्हणाल्या.

बघितलं होतं. आम्हा दोघींच्याही पोटात एकदमच दुखलं.