भाऊजींची घाई

रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीवर नाणं ठेवायची अक्कल माझी. सुई उड्या मारत होती. वर थोडं वजन पडलं की गपगुमान चालेल, असं मी ताईच्या बैठकीत सगळ्यांदेखत जाहीर केलं. आणि चाललीही. एवढी दाबून चालली, की तबकडीतून भाऊजींनाच खरवडून काढलं.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून लोखंडी दोरांची कुरकुर ऐकायची, घरी येऊन ताईची. स्वतःचं बोलणं बेताचं. दारातून जाताना कायम ‘तुम्ही व्हा पुढे’. लग्नाचंसुद्धा ताईनेच विचारलं.

अशा माणसाची एक तबकडी कपाटात कपड्यांमागे वर्षानुवर्षं पडून होती. त्यांच्या शाळेच्या गायनवर्गाची. सगळी पोरं मास्तरांच्या खुणेची वाट बघत असताना त्यात एकच आवाज आधी सुटतो, एकटाच, आणि घाबरून गप्प होतो. ते भाऊजी. जन्मात एकदा घाई केली, तीही छापली गेली.

ती ऐकायची, म्हणून परवडेलसं मशीन घ्यायचं ठरलं. मी कधी तबकडीला हात लावला नव्हता, पण मोबाइलवर वाचलं होतं. तेव्हा जाणकार म्हणून मीच बरोबर गेलो. भाऊजी एका साध्या काळ्या मशीनपाशी थांबले. दांडीच्या मागे वजन होतं. ते फिरवलं की सुईचा दाब कमी-जास्त होई. भाऊजी ते हळूहळू फिरवत राहिले.

“भाऊजी, आपण काय वजनकाटा घ्यायला आलोय?” मी म्हणालो. “ही लाल पेटी बघा. स्पीकर आतच, झाकण लावलं की बॅग. शिवाय स्वस्त.”

“हिचा दाब बदलता येत नाही,” ते पुटपुटले.

“तुम्ही गाणं ऐकणार आहात की लिफ्ट बसवणार आहात?”

बायकोच्या भावापुढे बोलायचं कसं! लाल पेटी घरी आली.

मग माझी चैन झाली. कुणी आलं की नाणं ठेवून मी नेमकी ती जागा लावायचो. “ऐका हं, आता भाऊजी सुटतात!” लोक पोट धरून हसायचे. “अजून एकदा!” भाऊजीही कोपऱ्यात लाजून हसायचे. ताई एकदा म्हणाली, “पुरे रे, किती वेळा तेच ते!” मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेतेय.

परवा घरात कुणी नाही असं समजून भाऊजींनी स्वतःच लावली. मी दारातच होतो. सुरुवातीचं वाजवणं झालं, आणि त्या जागी नुसती खरखर. मग एकदम सगळी पोरं, वेळेवर, शिस्तीत. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा खरखर. त्यांनी सुई उचलली आणि मी दिसताच नाणं माझ्या हातावर ठेवलं.

आज ते काळं मशीन मी उचलून आणलं. भाऊजींनी वजन फिरवून दाब नीट लावला, सुई अलगद टेकवली. खरखर तेवढी स्वच्छ ऐकू आली. ताई उठून आत गेली.

या माणसाला राग येतच नाही, असं सगळं घर म्हणतं. त्याच भरवशावर मी आजवर विनोद करत आलो.

“भाऊजी, तुम्हाला माझा राग तर नाही ना—”

माझं वाक्य संपायच्या आतच ते बोलले, “आलाय, आणि हे मशीन आणलंस म्हणून जायचा नाही.”