हात लावू नये

महेश्वरीच्या घरी कधी गेलात, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. चहा मागा, पाणी मागा, जाताना शेंगाचटणी बांधून मागा, ती नाही म्हणायची नाही. पण मधल्या खोलीच्या कोनाड्यात जी काळी डबी रात्रंदिवस लुकलुकत असते, तिच्या वाटेला जाऊ नका. तसा कागदच तिनं डबीवर चिकटवला होता: 'हात लावू नये'. पावणे हसायचे. हसू देत बापडे, त्यांची कुठं डबी बंद पडायची होती!

डबी म्हणजे घरातल्या वायफायला जोडलेलं कपाट समजा. पोटात दोन हार्डडिस्क, आणि डबी चालवणारा लिनक्स नावाचा प्रोग्राम. घरातल्या कुठल्याही मोबाईलवरनं, लॅपटॉपवरनं तिच्यात फोटो ठेवावेत, कागदपत्रं ठेवावीत, हवी तेव्हा काढावीत. सोलापुरात डॉक्टरांकडे, वकिलांकडे, फोटोवाल्यांकडे अशा डब्या आता बऱ्याच झाल्यात. चालतात तोवर त्यांची कुणाला आठवणसुद्धा नसते. मग एक दिवस लाईट जाते, परत येते, आणि डबी काही उठत नाही. झालं, महेश्वरीला फोन. ‘ताई, डबी उठंना!’

महेश्वरीचं माहेर अक्कलकोटचं. तिथं असताना इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि लग्न होऊन सोलापुरात चनमल्लप्पा आडतदारांच्या घरात आली. नवरा शरणबसव अकलूजला दूध डेअरीत, रविवारचा तेवढा घरी. बाकीचे दिवस घरात ती आणि सासू पार्वतम्मा. पहिली डबी तिनं जुन्या सामानाच्या दुकानातनं आणली, तीही न उठणारीच. आठवडाभर ती डबीशी झटली. शेवटी आतल्या पट्टीला बारीक तारा जोडून त्यांचं दुसरं टोक लॅपटॉपला लावलं, आणि पडद्यावर अक्षरं पळायला लागली. मेमरी सापडली, डिस्क सापडली, आता लिनक्स शोधतोय. उठताना डबी आपली एकेक पायरी सांगत होती. जिथं अडली, तिथं दुखणं. ‘अगं बाई, ही तर बोलती की!’ असं ती एकटीच मोठ्यानं म्हणाली होती.

तेव्हापासनं हाच तिचा धंदा झाला. धंद्याचे नियम दोनच. पहिला: गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, कुणी हात लावला का? सगळे छातीवर हात ठेवून नाही म्हणतात. महेश्वरीचा अनुभव असा, की जितक्या जोरात नाही, तितका नक्की लावलेला. दुसरा नियम: जिथनं काढलं, तिथंच परत लावायचं. वायर असो, स्क्रू असो, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. या दोन नियमांवर तिनं निम्म्या सोलापूरच्या डब्या उठवल्या म्हणा ना.

पण घरात? घरात पिकतं तिथं विकत नाही. पार्वतम्मांच्या लेखी काम म्हणजे पोती, तागडी आणि घाम. चनमल्लप्पा गेले, आडत बंद झाली, तरी त्यांची पितळी तागडी पुढच्या खोलीत टांगलेली होती आणि पार्वतम्मा ती चिंचेनं घासून लख्ख ठेवायच्या. सुनेच्या कामाला त्यांनी एकच शब्द ठेवलेला, खेळ. ‘खेळ झाला असंल तर भाकरी टाकायला ये.’ कुणी विचारलं, सूनबाई काय करते, तर म्हणायच्या, घरीच असती. बोलण्यात विष नव्हतं, पण महेश्वरीला ते फार लागायचं. घरातला किराणा आपल्या कामातनं येतो, हे ओरडून सांगावंसं वाटायचं तिला. सांगितलं मात्र कधीच नाही. मागून मिळालेल्या मानाला काय चाटायचंय, असा तिचा स्वभाव.

तर यंदाच्या दसऱ्याची गोष्ट. कुंभारीच्या संगप्पा फोटोवाल्याच्या डबीतल्या डिस्कनं राम म्हणायला घेतलं होतं. महेश्वरीनं त्यातली सगळी लग्नं, सगळी बारशी हळूहळू काढून आपल्या डबीत उतरवून घेतली. जुनी डिस्क शेवटचा फोटो देऊन कायमची गप्प झाली. नव्या डिस्का दसऱ्याला मिळणार होत्या, त्या घेऊन संगप्पा संध्याकाळी येणार होता. म्हणजे मधले दोन-तीन दिवस त्याची सगळी कमाई फक्त महेश्वरीच्या कोनाड्यात. अशा वेळी घर सोडू नये, पण माहेरी आईला बरं नव्हतं, म्हणून खंडेनवमीला ती अक्कलकोटला गेली आणि दसऱ्याच्या सकाळी परतली.

पुढच्या खोलीत खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. ती दसऱ्याला बन्नी, म्हणजे शमीचं सोनं, लुटून आल्यावर हलवायची, अशी या घरची रीत. महेश्वरीनं दारातनंच घाईत हात जोडले आणि सवयीनं कोनाड्याकडे पाहिलं. डबी लुकलुकत नव्हती. एकच लाल दिवा, तोही थिजल्यासारखा.

स्वयंपाकघरात पार्वतम्मा पुरण वाटत होत्या. महेश्वरीनं विचारलं, “आत्या, डबीला कुणी हात लावला का?”

“मी कशाला लावू तुझ्या खेळण्याला हात?” पार्वतम्मांनी वर पाहिलं नाही. “काल लाईट गेलती.”

महेश्वरीनं डबी उचलून टेबलावर घेतली, तारा जोडल्या, लॅपटॉप उघडला. अक्षरं पळाली आणि एका ओळीवर थांबली. यूएसबीवर काहीही सापडलं नाही. तिच्या डबीचं लिनक्स डिस्कमध्ये नव्हतं, मागच्या बाजूला खोचलेल्या नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये होतं. तो सापडत नाही म्हणजे तो मेला, असा सरळ हिशेब. अशा वेळेसाठी तिनं त्याची जोडी करून ठेवली होती. जुना उपसून टेबलावर टाकला आणि जिथनं काढला तिथंच नवा खोचला. परत तीच ओळ.

मग अ‍ॅडॉप्टर बदलला. उन्हाळा खाऊन खाऊन अ‍ॅडॉप्टर आतनं मरतात आणि दिवा मात्र लावून दाखवतात, हे तिनं कितीदा पाहिलेलं. तीच ओळ. नवा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून तपासला, ठणठणीत. डबीत घातला की तीच ओळ. म्हणजे यूएसबीची पट्टीच जळली की काय? डिस्कमधला माल बहुधा शाबूत असणार, हे तिला कळत होतं. पण ‘बहुधा’ हा शब्द संगप्पाच्या तोंडावर कसा म्हणायचा? आणि ही गोष्ट चार घरी झाली, की सासूबाईंचं म्हणणं खरं ठरणार. खेळच होता, मोडला. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा राग येत होता.

पट्टी बघायची तर डबी पूर्ण उघडायला हवी. स्क्रू तळाला. तिनं डबी उपडी केली, तेव्हा हवेच्या फटीतनं झेंडूची एक पाकळी टेबलावर पडली.

महेश्वरीनं तळ उजेडाकडे धरला. तळावर तीन पांढरे पट्टे होते, आडवे, तीन बोटांचे. टेबलावर टाकलेला जुना पेनड्राइव्ह तिनं उचलला. एवढ्याशा त्याच्या पाठीवरसुद्धा करंगळीनं ओढलेल्या तीन बारीक रेघा. विभूती!

पहिल्यांदा आला तो रागच. वायर उपटली, डबी खाली काढली, पेनड्राइव्ह उपसला, पुन्हा कुठंतरी खोचला, आणि वर म्हणे लाईट गेलती! पण ‘कुठंतरी’ या शब्दावर तिचं डोकं जागं झालं. मागं यूएसबीची तोंडं दोन, एक काळं, एक निळं. लिनक्स जागं झालं की दोन्ही ओळखतं. पण लिनक्सच्या आधी जो इवलासा प्रोग्राम डबीला जागं करतो, त्याला फक्त काळं तोंड ठाऊक. पेनड्राइव्ह काळ्यात असायचा. तिनं काढला होता निळ्यातनं, आणि आपल्याच नियमाला धरून नवा पुन्हा निळ्यातच घातला होता, तोही दोनदा. वा गं वा, मास्तरीणबाई!

तिनं जुनाच पेनड्राइव्ह, विभूतीसकट, काळ्या तोंडात खोचला. अक्षरं पळाली. ती ओळ आली आणि मागं पडली. लिनक्स सापडलं. मग डबी पुन्हा रेंगाळली, कारण वायर उपटल्यामुळं ती दोन्ही डिस्का तपासून बघत होती. महेश्वरी पदराचं टोक चावत बसून राहिली. शेवटी दिवा हिरवा झाला आणि लुकलुकायला लागला. तिनं संगप्पाचा एक फोटो उघडून बघितला. कुठल्याशा मांडवातली नवरी अक्षता डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून डोळे मिटून हसत होती. महेश्वरीच्या तोंडून नकळत देवाचं नाव निघालं.

आता सासूबाईंना जाब विचारायचा म्हणून ती उठली. पण स्वयंपाकघराची वाट पुढच्या खोलीतनं जाते. सकाळी दारातनं हात जोडलेली पूजा तिनं आता नीट पाहिली. पाटावर मधोमध मामंजींची तागडी, तिला झेंडूची माळ. एका अंगाला विळी, खुरपं, शरणबसवच्या गाडीची किल्ली. आणि तागडीच्या उजव्या हाताला रांगोळीनं आखलेला एक रिकामा चौकोन. त्यात तांदूळ पसरलेले, तांदळावर दाबल्याची खूण. चौकोन डबीच्या मापाचा होता.

राग कुठल्या कुठं गेला. या घरात खेळण्यांना कुणी विभूती लावत नाही. खंडेनवमीला पुजतात ती हत्यारं, ज्यांच्यावर घर जेवतं ती. तिला एवढं भरून आलं, की ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

आवाज नाही म्हणून पार्वतम्मा बाहेर आल्या. सून चौकोनाकडे बघतेय हे त्यांना दिसलं, आणि पुरणाचे हात पदरात लपवत त्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

“मेली का गं ती?”

“न्हाय आत्या. उठली.”

“हौदा? खरंच?” घाबरल्या की पार्वतम्मांच्या तोंडी कानडी यायचं. मग त्या खाली बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मागच्या महिन्यात मोतीबिंदू दाखवायला गेल्या होत्या, तर डोळ्यांचे डॉक्टर खुर्चीवरनं उठून म्हणाले होते, महेश्वरीताईंच्या सासूबाई का तुम्ही? त्यांच्यामुळं आमचे सगळे पेशंट वाचले बघा. तेव्हापासनं पार्वतम्मांच्या मनात ते घोळत होतं. तोंडानं बोलायचं कसं, हे कळत नव्हतं. म्हणून सून नाही असं बघून पूजेला डबी घेतली. पुसताना ते बारकं हत्यार हातात आलं, मग त्यालाही लावली विभूती. परत कोनाड्यात ठेवल्यावर दिवे लागेनात, तसं त्यांचं काळीज हाललं. सकाळी सुनेनं विचारलं, तेव्हा भीतीनं खोटं बोलल्या.

“आणि तळाला का लावली?” महेश्वरीनं विचारलं.

“वर लिवलंय की तू, हात लावू नये म्हणून.”

महेश्वरीला हसू आलं आणि रडूही. दोन्ही तिनं होऊ दिलं.

संध्याकाळी संगप्पा आला, नव्या डिस्का घेऊन. फोटो उतरायला वेळ लागला, तोवर पुरणपोळी झाली. सगळं मोजूनमापून बघितल्यावर त्यानं दोघींच्या हातावर बन्नीची पानं ठेवली आणि म्हणाला, बन्नी तगोंडु बंगारदंग इरूण, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया. जाताना तो पार्वतम्मांना विचारून गेला, अज्जी, ताईंचं दुकान मांडायचं तर कुठल्या खोलीत? पार्वतम्मांनी तागडीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

तो गेल्यावर महेश्वरीनं डबी रीतसर बंद केली. हिरवा दिवा विझेपर्यंत थांबली, मग ती दोन्ही हातांनी उचलून पुढच्या खोलीत आणली आणि तांदळाच्या चौकोनात ठेवली. पार्वतम्मा विभूतीची वाटी घेऊन आल्या खऱ्या, पण लांबच थांबल्या. महेश्वरीनं नखानं कोपरा उचलला आणि डबीवरचा कागद सोलून काढला.

“लावा की आत्या, हात लावा,” ती म्हणाली. “आता वरनं लावा.”

पार्वतम्मांनी तीन बोटं विभूतीत बुडवली.