भाऊजींच्या गाडीतला गॅस

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे 'गारेगार' म्हणत. बाकीचे मेकॅनिक नळी सैल करून जुना गॅस खुशाल हवेत सोडून देत. गारेगारला ते बघवत नसे. तो मशीनने गॅस ओढून घेई, त्यातलं तेल-पाणी काढून टाकीत साठवी आणि पुन्हा गाड्यांमध्ये भरी. मात्र ओढण्याआधी तपासणीचं यंत्र लावणारच. कुणी स्वस्तातला, पेट घेणारा गॅस मिसळलेला असेल, तर तो पुन्हा वेगळा होत नाही. अख्खी टाकी नासते. गिऱ्हाइकं नाकं मुरडत. टॅक्सी चालवणाऱ्या एक बाई तर एकदा फणकारल्याच, "मी काय दुधात पाणी घालणारी वाटले?" पण हा ढिम्म.

आणि असा हा ढिम्म माणूस भाऊजींपुढे विरघळला! भाऊजी म्हणजे बहिणीचे यजमान, रुसायला निमित्तच शोधणारे. दुरुस्तीला आलेल्या त्यांच्या गाडीला यंत्र लावायचं म्हणजे संशय घेतल्यासारखं, आणि मग टोमणे बहिणीने ऐकायचे. त्याने नळी थेट जोडली आणि गॅस आपल्या टाकीत ओढून घेतला. आधीच्या दुरुस्तीत आपल्या गाडीत काय भरलं गेलंय, हे भाऊजींनाही ठाऊक नव्हतं.

थोड्याच दिवसांत टॅक्सीवाल्या बाई परत आल्या. एसी गरम वारा फेकत होता, उतारू चिडून मधेच उतरत होते. गारेगारने यंत्र लावलं. भेसळ! आणि हा गॅस परवाच त्यानेच आपल्या टाकीतून भरला होता. टाकी तपासली, तर तीही नासलेली. अजून कुणाकुणाच्या गाडीत हे गेलं असेल, ते तो मनात मोजू लागला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "एका गाडीचा गॅस न तपासता घेतला."

"तुम्ही? न तपासता? कुणाची गाडी?"

काहीतरी थाप मारावी असं क्षणभर वाटलं. "बहिणीच्या यजमानांची."

बाईंनी एकवार त्या यंत्राकडे पाहिलं. भांडल्या असत्या तर त्याला परवडलं असतं. लाजेने त्याला हातातला पाना कुठे ठेवावा तेही सुचेना.

खराब गॅस वेगळ्या टाकीत काढून त्याने नवी टाकी आणली आणि नळी जोडू लागला.

"थांबा. आधी यंत्र लावा."

"अहो बाई, सीलबंद आहे."

"असेल. तुमच्या शब्दावर नाही भरायचा आता."

त्याने यंत्र लावलं. हिरवा दिवा लागला, तरी मान वर करायचा धीर त्याला झाला नाही.